हिरव्या फाटकाचा बंगला

खुनाचा एवढा शौक असलेली आणि तरीही मुंगीवर पाय पडला तर दिवसभर हळहळणारी बाई आमच्या आत्याखेरीज साऱ्या मावळात दुसरी नसेल. लोणावळ्याच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला, पण तिचं मन रमायचं ते विषप्रयोग आणि दरोड्यांत. वर्तमानपत्र आलं की ती आतल्या पानावरच्या खुनापासून सुरुवात करते. मंत्री वगैरे मंडळींची पाळी चहाच्या दुसऱ्या कपाला. रहस्यकथा ती शेवटच्या पानापासून वाचते. "खुनी कोण ते एकदा कळलं की माणूस निवांत वाचतो," असं तिचं म्हणणं. माणसांची पारखही याच मापाने. माझ्या होणाऱ्या बायकोला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा तिला नखशिखांत न्याहाळून आत्याने मला बाजूला घेतलं. "पोरगी सरळ आहे. चिडली तर लाटणं फेकेल, पण दुधात काही कालवणार नाही. कर लग्न." चुलत बहिणीला सांगून आलेल्या एका स्थळाबद्दल मात्र ती भर पोह्यांत पुटपुटली, "हा ढकलणाऱ्यातला दिसतो. याच्याबरोबर कड्यावर उभी राहू नकोस गं." ते स्थळ त्याच दुपारी आल्या वाटेने परत गेलं.

अशा बाईच्या शेजारी खराखुरा खून झाला होता. मी तेव्हा हाफपँटीत होतो. तुंगार्लीत आत्याच्या भिंतीला लागून जो बंगला आहे, तिथे वाटणीच्या भांडणावरून धाकट्या भावाने थोरल्याला आणि वहिनीला मारलं. त्या जोडप्याची शाळकरी मुलगी, शैला, तेवढी वाचली; कारण नकाशात तिने कृष्णा नदी उलटी वाहवली म्हणून आत्याने तिला त्या संध्याकाळी आपल्याकडे बसवून ठेवलं होतं. खटला गाजला, धाकट्याला जन्मठेप झाली, मग लोक विसरले. शैला आजोळी वाढली आणि पुढे आई-वडिलांच्या त्याच घरात परत येऊन राहिली. एकटीच असते, शिवणकाम करते, बोलते कमी. जगातल्या झाडून साऱ्या खुनांवर बोलणारी आत्या या एका खुनाबद्दल मात्र कधी अवाक्षर काढत नसे.

गेल्या वर्षी त्या खटल्यावर एक जाडजूड पुस्तक निघालं. लेखक सभ्य असावा. शैलाचं नाव त्याने लिहिलं नाही. पण तळ्याचा रस्ता लिहिला, दारातले दोन सिल्व्हर ओक लिहिले आणि हिरवं फाटक लिहिलं. झालं! शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणाऱ्यांना धबधबा आणि चिक्कीच्या जोडीला आणखी एक ठिकाण मिळालं. गाड्या थांबायच्या, काचा खाली व्हायच्या. "मर्डर बंगला हाच ना?" एका बहाद्दराने कुंपणावर चढून, कपडे वाळत घालणाऱ्या शैलाचा फोटो काढला. तेव्हापासून शनिवार उजाडला की ती खिडक्या लावून आत बसायची. शेवटी एका सोमवारी ती आत्याकडे आली. मी तिथेच होतो. "बाई, मी घर विकते," ती म्हणाली. "कुठे जाशील?" आत्याने विचारलं. आई-बापांच्या त्या चार भिंतींपलीकडे शैलाचं जगात काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याने रंगाऱ्याला बोलावलं. शैलाचं फाटक पांढरं झालं आणि आत्याचं हिरवंगार. "हे काय गं?" मी विचारलं. "पुस्तकात हिरवं आहे. वाचकांची निराशा करू नये," आत्या म्हणाली. सिल्व्हर ओक तिच्याही दारात होतेच. पुढच्या शनिवारी पहिली गाडी आली ती थेट आत्याच्या दारात. "होय, हाच तो बंगला. चपला काढून या."

मग काय विचारता! पत्ता विचारणाऱ्याला 'डावीकडे' न सांगता 'वायव्येला' सांगणारी ही सत्यवचनी बाई रेटून खोटं बोलू लागली. व्हरांड्यातला जांभळाचा डाग ती "घासूनही जात नाही" म्हणून दाखवते, आणि ते खरंही आहे. कांद्याची खोली तिने कुलूप घालून ठेवली आहे. "ती उघडत नाही," एवढंच सांगते आणि लोकांच्या अंगावर काटा येतो. पुस्तकात नाहीत अशा गोष्टीही तिला सुचतात. एकदा तिने खुनी खिडकीतून पळवला. पुढच्या आठवड्यात तो ओढ्यातून गेला. एकाने पुस्तक उघडून तक्रार केली, तर त्यालाच तिने ऐकवलं, "लेखक त्या दिवशी इथे होता का?"

या नाटकाला सर्वांत आधी फसली ती तिच्याकडे भांडी घासायला येणारी भाजे गावची कौसाबाई. पाहुण्यांपुढचं वर्णन ऐकून ती पदर खोचून उभी राहिली. "बाई, लय वरसं हितं राबतीया, आन ह्या घरात रगात सांडलंय ह्ये मला कुनी सांगितलं न्हाई!" आत्याने परोपरीने सांगितलं, की हे घर नव्हे, शेजारचं. "आता झाकू नगा," कौसाबाई म्हणाली. त्या दिवसापासून ती कामाला लागण्याआधी भाकरीचा तुकडा आत्यावरून ओवाळून बाहेर टाकते, आणि आत्या मुकाट्याने उभी राहते.

हसण्यावारी नेलं तरी मला आत्यापुढे हात जोडावेसे वाटतात. आता नातवंडं तिच्याकडे मुक्कामाला राहत नाहीत. भिशीच्या बायका बाहेरच्या बाहेर भेटतात. चांगलं नांदतं घर या बाईने आपणहून बदनाम करून घेतलं आणि त्याबद्दल कुणाकडे एक शब्द बोलली नाही. शैलाशीही नाही. तिच्या खिडक्या मात्र हळूहळू शनिवारीही उघड्या दिसू लागल्या. मी देवळात फारसा जात नाही, पण आत्याकडे हटकून जातो.

परवाच्या शनिवारी पुण्याचं एक तरुण जोडपं आलं होतं. शैला पायरीवर बसून मेथी निवडत होती. हल्ली ती येते अशी. आत्याचं वर्णन रंगात आलं होतं. नवरा सुऱ्याबद्दल विचारत होता. बायको हातातलं ते जाडजूड पुस्तक चाळत होती. निघताना तिने पुस्तक मिटलं आणि हळूच विचारलं, "आणि आजी, त्या मुलीचं पुढे काय झालं हो?"

इतक्या गाड्या आल्या, पण हे कुणी विचारलं नव्हतं. आत्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

शैलाने मेथीवरची नजर काढली नाही. "आहे ती. बरी आहे," ती म्हणाली. "शेजार चांगला मिळाला तिला."

जोडपं समाधानाने गेलं. आत्या "चहा टाकते" म्हणून आत वळली. बराच वेळ झाला, स्वयंपाकघरातून आधणाचा आवाज काही येईना. शैला मेथी निवडत राहिली. आम्ही दोघांनीही तिला हाक मारली नाही.