आठव्या फोटोतला मनोहर

मनोहर गेल्याची चिठ्ठी आर्वीच्या बसच्या कंडक्टरने आष्टीला माझ्या शाळेत आणून दिली. साधा ताप होता म्हणे... माझा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा. महिना झाला, तरी त्याच्याबद्दल बोलताना ‘होता’ म्हणवत नाही.

त्याच्या जुन्या घडीच्या कॅमेऱ्याने अर्ध्या आर्वीचे फोटो काढले, त्याचा एकही नाही. झाकण पाडलं की काळा भाता पुढे सरकायचा. अंतर नजरेनेच जोखून भिंगावरचा आकडा लावायचा. पाठीला टिकलीएवढी लाल काच होती. चावी फिरवली की तिच्यात पुढच्या फोटोचा आकडा दिसे. फिरवायला विसरलं की एकावर एक दोन फोटो यायचे. एकदा नवरदेवाच्या डोक्यावर बैल उगवला होता, त्यावरून मी त्याला वर्षभर छळलं.

मागच्या सुट्टीत मीच हट्ट धरला, आज तुझा काढायचा. रिळात आठवा, शेवटचा फोटो उरला होता. त्याने अंतर लावून कॅमेरा माझ्या हाती दिला आणि निंबाखाली जाऊन उभा राहिला. मी कळ दाबली. “ताई, फिल्म पुरी गुंडाळल्याबिगर पाठ उघडू नोको,” म्हणाला. तेवढ्यात मायने जेवायला हाक मारली, आणि गुंडाळायचं राहूनच गेलं.

तेरवी झाल्यावर मायला धीर म्हणून सांगितलं, मनोहर या कॅमेऱ्यात आहे. दुसऱ्या दिवशी भर उन्हात अंगणात ती कॅमेऱ्याची पाठ उघडून बसली होती. “यात तं कोनीच नाई वं,” म्हणाली. “कुठी हाये माहा मनोहर?”

वर्ध्याच्या स्टुडिओत सात फोटो निघाले, कडा जळलेले, पण चेहरे ओळखू येणारे. आठव्याच्या जागी फिल्म ऊन लागून नुसती काळी. परक्यांचे सात फोटो वाचले आणि आमचा एकुलता एक गेला. मी चार वेळा चावी फिरवली असती तर... मायला मी सांगितलं, मलेच काढता आला नाई. “एवढी शिकली, अन् भावाचा एक फोटो नाई काढता आला तुले,” ती म्हणाली. रोज म्हणते. म्हणू दे. तिच्याच हातांनी तो पुसला गेला, हे तिला कळता कामा नये. तिला वाचता येत नाही, म्हणून इथे पेपरात लिहिते आहे.

मनोहर नेहमी ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायचा. आर्वीकरांनो, दिवस कलताना त्याने तुमचा काढला असेल, तर त्याची सावली तुमच्या पायांशी पडली असेल. भिंतीवरचे फोटो उतरवून एकदा बघा. सापडली तर कळवा, फोटो तुमचाच राहील. मी मायला घेऊन येईन, तिला फक्त त्या सावलीवरून हात फिरवू द्या.