मँगनीजची रेघ

प्रयोगशाळेच्या दारात तळहात आडवा धरून मॅडम प्राचार्यांनासुद्धा अडवायच्या. "थांबा न जी. दिवा गरम होऊन राहिला."

लाखनीच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या, मी मराठी. दिवा म्हणजे काचेची बंद नळी, आत मँगनीज. विजेचे झटके दिले की धातूची थोडी वाफ व्हायची. त्या वाफेवर लेझर सोडायचा. लेझरचा रंग नेमका जुळला की अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि पडद्यावरची रेघ टुणकन उडते. मला इतपत कळलं, तेही त्यांनी डोकं फोडून घेतल्यावर.

मँगनीजच कशाला, असं विचारलं की चिडायच्या. "तुमसरकडच्या पोरींचे बाप खाणीत तेच खणतात सर. घरातल्या कपड्याले त्याची धूळ लागते. त्याचा अणू काय करते, हे पोरीईनं पाहायचं नाही काय?"

दसऱ्याच्या आधी त्यांना ती रेघ उडताना एकदा दिसली. खोलीत त्या एकट्याच होत्या. सुट्टीनंतर वर्गाला दाखवते म्हणाल्या आणि गावी गेल्या.

दसऱ्याला यंत्रांची पूजा तुमच्याकडेही होत असेल. होऊ द्या, माझी ना नाही. टेबलाला झेंडूचा हार घालून भागलं असतं. पण आमच्या प्राचार्यांनी तुपात कालवलेलं कुंकू थेट नळीच्या काचेवर टेकवलं, लेझर आत जातो नेमक्या त्याच जागी. का, तर फोटोत तिथं छान दिसत होतं!

मॅडमनी परत आल्यावर स्पिरिटनं हलक्या हातानं पुसलं, तरी डाग राहिलाच. लेझर पडताच तिथं काळा ठिपका उठला, काच तडकली, नळीत हवा शिरली. दिवा गेला. पोरी बाहेर रांगेत उभ्या होत्या.

"देवाचंच तं कुंकू, मॅडम. दुसरा बल्ब लावून घ्या," प्राचार्य म्हणाले.

"तो बल्ब नाही जी. अन् देव मानता, तं त्याच्या डोळ्यात बोट काहून घातलं?"

पुढं प्रत्येक सभेत त्यांनी नळी मागितली. नळी आली नाही, फाटकावर कमान मात्र आली. माझं डोकं आजही तापतं. तेव्हा मी तावातावानं बोलायला लागलो की त्या मलाच पाण्याचा ग्लास द्यायच्या. "तुम्ही कायले बीपी वाढवता?"

निरोपाच्या दिवशी प्राचार्यांनी भाषण ठोकलं. मॅडमनी म्हणे विज्ञानाची ज्योत तेवत ठेवली. शाल मॅडमनी खुर्चीवर ठेवली आणि माइक जवळ ओढला. "ज्योत नाही सर. मी नळी मागत होती." एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळी कोणी वाजवली नाही. मी वाजवली.

आता त्या नागपूरला लेकीकडे राहतात. परवा फोनवर मी तब्येत विचारली, तर म्हणाल्या, "बरी आहे जी. पण ते रेघ मी एकटीनंच पाहिली न, सर. ते वाईट झालं."