तळातून कापलेलं भाषण

गेल्या एप्रिलमध्ये, शेजारच्या वस्तीतल्या व्याख्यानमालेच्या दुसऱ्या दिवशी, मी माझं भाषण तळातून कापलं. विषय होता वसाहतींच्या काळात अमेरिकेत नेलेले पहिले आफ्रिकी लोक आणि त्यांनी तिथे केलेली कामं. कापल्यावर भाषणात लोक राहिले, कामं गेली.

कारण माझा धंदा. वर्तमानपत्रात मी उपसंपादक होतो. बातमीत महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की खालचे परिच्छेद काढायचे, वाचत बसायचं नाही. निवृत्त झालो तरी सवय सुटलेली नाही. लग्नपत्रिका हातात आली की ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ मी मनातल्या मनात उडवतो.

व्याख्यानमाला विहारासमोरच्या मंडपात भरते. तिचा चिटणीस चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर आहे. बोलवायला आला तेव्हाच त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

“सर, कमिटीला दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा पायजे. मी भांडून व्याख्यान ठेवलंय. लोकं उठून गेली, की पुढच्या साली ऑर्केस्ट्रा फिक्स. त्या आफ्रिकी लोकांच्या कामाचं सांगा, आमच्या लोकांना ते पटतंय.”

“लोक उठणार नाहीत,” मी म्हणालो. कशाच्या आधारावर, ते आठवत नाही.

प्रमुख पाहुणे अक्कलकोटहून उशिरा आले आणि भरपूर बोलले. विषयाचा उल्लेख त्यांनी ‘अमेरिकन संस्कृती’ असा केला. चिटणिसाने माझ्याकडे चिठ्ठी सरकवली : ‘सर, निम्मं करा.’ मी शेवटची पानं काढून टेबलावर ठेवली. हात अजून चालतो म्हणून बरंही वाटलं. उकाडा होता. पाहुण्यांनी ती पानं उचलून वारा घ्यायला सुरुवात केली. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा ते पुढच्या कार्यक्रमासाठी उठले आणि वारा घेत घेतच गाडीत बसले.

मी वाचलं. माणसं पकडली, जहाजात कोंबली, समुद्रापार नेली, बंदरावर विकली. पान संपलं. मी आभार मानले. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

पुढच्या रांगेत चिटणिसाची आत्या बसली होती. चादरीच्या कारखान्यात तिची हयात गेलेली.

“ओ सायेब, बंदरावर उतरवलं आन तितंच सोडलं व्हय त्यास्नी? फुडं कामं काय केली, ते सांगा की.”

“वेळेअभावी...”

“आमी बसलोय न्हवं हितं? मगाचा बाबा बोलत हुता तवा कुटं गेलता तुमचा येळ?”

मंडप हसला. चिटणीस हसला नाही. तो मागच्या खुर्च्यांकडे बघत होता.

मी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर पाण्याची बाटली होती.

कागदाशिवाय मी घरातही बोलत नाही, असं बायकोचं मत आहे. त्या दिवशी बोललो, आठवेल तसं, पुढचं मागे करत. कॅरोलायनातली भातशेती ज्यांच्या हातांनी उभी राहिली, त्यांच्यातल्या अनेकांना भरतीच्या पाण्याला बांध घालून भात पिकवणं पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या गावापासूनच येत होतं, हे सांगितलं. ज्वारीच्या मुलखात ते कळावं म्हणून हातवारे केले. बांध दाखवताना बाटली पडली. त्यामुळे पाणी कसं पसरतं, ते वेगळं दाखवावं लागलं नाही.

“म्हंजी मालकाला येत न्हवतं?” आत्याने विचारलं.

“फारसं नाही.”

“मग मालक कशाचा त्यो?”

मग बोस्टनमधल्या एका गुलामाचं सांगितलं. देवीचा रोग टळावा म्हणून रोग्याच्या फोडातला थोडा पू निरोगी माणसाच्या कातडीत घालायची त्याच्या मुलखातली रीत त्याने मालकाला सांगितली होती. पुढे साथ आली तेव्हा ती तिथे वापरली गेली. लोहार, गुराखी, खलाशी, मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे, पळून स्पॅनिश फ्लोरिडात जाऊन सैनिक झालेले आणि स्वतःचं गाव वसवणारे, सगळे एकामागून एक आले. यातल्या बहुतेकांच्या कामाचा मोबदला दुसऱ्यानेच घेतला, हेही सांगितलं. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आता येत नव्हते. भाषण जिथून सुरू व्हायला हवं होतं, तो भाग मी सर्वात खाली लिहिला होता, हे मला घरी परतताना रिक्षात उमगलं.

दुसऱ्या दिवशी पानांसाठी पाहुण्यांकडे फोन केला. ड्रायव्हरने उचलला. त्या पानांनी त्याने गाडीची काच पुसली होती.

“कागद लई चांगला हुता, साहेब,” तो म्हणाला.

यंदाची कार्यक्रमपत्रिका मागच्या आठवड्यात घरी आली. दुसऱ्या दिवशी व्याख्यान आहे. वक्त्या एक प्राध्यापक बाई आहेत. प्रमुख पाहुणे नाहीत.