शिवेवरचा देव आणि आमची उंच जीप

माझ्या सासुरवाडीच्या वाटेवर एक देव बसला होता आणि त्याला चुकवून जायला जागा नव्हती.

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या दिशेने निघालं की घाट लागायच्या आधी एक कच्ची वाट वर वाडीकडे फुटायची. वाडीतल्या माणसांनी स्वतः खणून केलेली, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. अर्ध्या चढावर एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी आणि बरोबर मधोमध शेंदूर फासलेला, वीतभराहून थोडा उंच दगड. तो शिवेवरचा देव. वाट करताना कुणी त्याला हलवला नाही, वाटच त्याच्या दोन्ही अंगांनी नेली. बैलगाडीची चाकं दोन्ही बाजूंनी जायची आणि देव मधून सुटायचा. त्याची पूजा माझ्या सासऱ्यांच्या घराण्याकडे होती. बायका अडचणीच्या दिवसांत त्याच्यासमोरून जात नसत. खाली ओढ्यातून एक घसरडी पायवाट होती, तिने जात. लग्नात मी त्याला नारळ फोडला आणि मनात म्हणालो, बाबा, तू तुझ्या जागी सुखी राहा, मी माझ्या.

माझी जागा म्हणजे महाड-पोलादपूर रस्ता आणि लढाईत वापरून लिलावात निघालेली एक जीप. माणसं, भाताची पोती, कधी वरातीतला नवरा, जे मिळेल ते मी वाहत असे. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती आणि आमच्या भागात गाडीवाला म्हटलं की लोक मान देत. मला त्याचा थोडा माजही होता.

बायकोचं हे तिसरं बाळंतपण. पहिली दोन मुलं जन्मून रडलीही नव्हती. माझ्या घरी बाईमाणूस कोणी नाही, आई केव्हाच गेलेली, म्हणून तिन्ही वेळा ती माहेरी वाडीवर गेली. गौरी-गणपती झाले, मुंबईचे चाकरमानी पोती-गाठोडी घेऊन परत गेले आणि वाडीत म्हातारी माणसं, बायका आणि गुरं उरली. त्याच आठवड्यात सासूबाईंचा निरोप आला की पोरीच्या अंगावरून जायला लागलंय.

मी महाडच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "तिला जमिनीवर पाय टेकवू देऊ नका. आडवी ठेवूनच इथे आणा. आणि कळा सुरू व्हायच्या आत आणा, नाहीतर मला दोघांपैकी एकाचीही खात्री देता येणार नाही."

डोलीला खांदेकरी लागतात. वाडीतले सगळे खांदे मुंबईला गिरणीत होते. बैलगाडीच्या हिसक्यांत तिला आडवी नेणं धोक्याचं. उरली माझी जीप. मी तशीच वर घातली आणि देवापाशी पोचल्यावर खाडकन आवाज आला. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो देवाला जाऊन टेकला होता. मी मागे घेतली. शेंदूर गोळ्याला लागला होता आणि सासरे कड्याला टेकून माझ्याकडे पाहत होते.

मी म्हटलं, "मामा, दगडाचा वरचा टवका तेवढा काढू. दोन बोटांचा प्रश्न आहे."

सासरे कमी बोलणारे. डोक्याला तांबडं पागोटं, ते झोपतानाच काय ते उतरायचं. म्हणाले, "देवाला हात लावायचा नाय. तो आधीपासनं हाय. तुमची गाडी मागनं आली. ती उचला."

मला इतका राग आला की मी गाडी तशीच मागे मागे घेत खाली आणली. पण पोलादपूर येईपर्यंत राग ओसरला आणि तेच शब्द डोक्यात घुमायला लागले. गाडी उचला. का नाही उचलायची?

महाडला माझा एक मित्र होता. नदीकाठी एका पत्र्याखाली गाड्या दुरुस्त करायचा आणि जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल आपल्याला सगळं कळतं असं समजायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याने ऐकलं आणि मांडी ठोकली. "एवढंच ना? हत्तीएवढी करतो!" नवीन सामान घ्यायची ऐपत दोघांचीही नव्हती. त्याच्या मागच्या अंगणात एका मेलेल्या लॉरीच्या कमानी, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, गंजत पडल्या होत्या. त्यातले पाटे आम्ही काढले, लोहाराच्या भट्टीत तापवून मापाला कापले आणि जीपच्या चारही कमानींत एकेक पाटा जास्तीचा चढवला. कमान जिथे सांगाड्याला टांगलेली असते तिथले झोके लांब करून घेतले. ब्रेकची नळी ताणली जाते म्हणून तिची पट्टी खाली सरकवली. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप चाकांवर उतरवली तेव्हा ती खरोखर उंच दिसत होती. मिस्त्री कंबरेवर हात ठेवून तिच्याभोवती फिरला आणि मीही हसलो. त्या आठवड्यातलं माझं ते पहिलं हसणं.

आम्ही दोघं वर गेलो. देवापाशी आल्यावर मिस्त्री उतरून पुढे झाला आणि हाताने "ये, ये, ये" करू लागला. खाडकन तोच आवाज. त्याच जागी.

मी खाली उतरून चिखलात आडवा झालो आणि पाहिलं. वरची बॉडी उंच झाली होती, सांगाडा उंच झाला होता, माझं बूडसुद्धा उंच झालं होतं. पण गोळा असतो आसात, आणि आस असतो चाकात. कमानी त्याच्या वरच्या गोष्टी उचलतात. गोळा होता तिथेच होता. आम्ही दोघांनी दोन दिवस घाम गाळून गोळा सोडून बाकी सगळं उचललं होतं.

मिस्त्रीला मी तेव्हा काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मग त्याने चाकोरीत दगड भरून पाहिले. कड्याकडचे राहिले, दरीकडचे चाकाखालून निसटून दरीत गेले आणि त्यांच्यामागे जीप जायची राहिली. वर वाडीत माझी बायको छताकडे बघत पडली होती आणि मी इथे दोन बोटांसाठी अडलो होतो. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. मिस्त्री दुसरीकडे बघत उभा राहिला.

परतीच्या वाटेवर तोच म्हणाला, "चाकंच मोठी पायजेत रे."

"आणि ती कोण देणार? तुझा सासरा?"

"दासगावच्या बंदरात हायेत," तो म्हणाला. "मचव्यांना धक्का लागू नये म्हणून टांगलेली. मिलिटरीच्या मोठ्या गाडीची. चारही एका मापाची, भोक तुझ्याच रिमाचं. मी बघून ठेवलीत."

संध्याकाळच्या आत आम्ही दासगावला होतो. मचव्याचा तांडेल, म्हणजे त्या होडीवरचा मुख्य खलाशी, आधी हसला, मग आम्ही कशासाठी मागतोय ते ऐकल्यावर स्वतःच दोर सोडायला लागला. माझे जुने टायर त्याने धक्क्याला टांगायला घेतले आणि ते मोठे आम्हाला दिले. खाऱ्या पाण्याने पांढरे पडलेले, पण नक्षी बोटभर खोल. पहारी घालून घालून आम्ही ते माझ्याच रिमांवर चढवले. आतल्या ट्यूबा जुन्याच, फुगवून फुगवून टायरला पुऱ्या पडल्या. आणि तेव्हा कळलं की आधीची मेहनत वाया गेली नव्हती. कमानी उंच केल्या नसत्या तर हे टायर मडगार्डखाली मावलेच नसते. तरी पूर्ण वळवताना पुढचं चाक पत्र्याला घासत होतं. तेवढा पत्रा मिस्त्रीने छिन्नीने उडवला. माझी देखणी जीप चिंध्या नेसल्यासारखी दिसू लागली, पण गोळ्याखाली वीत घालून वर दोन बोटं सहज बसली.

एकच भीती उरली. जादा पाट्यांनी गाडी ताठ झाली होती आणि प्रत्येक खड्डा मणक्यात येत होता. अशा गाडीत तिला कशी न्यायची? टायरमधली हवा आम्ही अर्धी सोडली. मागे ओल्या वाळूची पोती टाकली म्हणजे कमानी दबतील. त्यावर पेंढा, त्यावर गोधड्या. गोळा मात्र पुन्हा मोजला, कारण हवा सोडली की तोही खाली येतो. देवाच्या उंचीची काठी खाली धरली तर वर करंगळी जेमतेम जात होती.

सकाळीच वर गेलो. या वेळी देवावरून जीप अलगद गेली. मी वळून पाहिलं, शेंदूर जसाच्या तसा. मिस्त्रीने आरोळी ठोकली. वाडीत पोचल्यावर सासूबाई आणि दोन शेजारणींनी बायकोला गोधडीसकट उचलून मागे ठेवलं. ती पांढरीफटक पडली होती. सासूबाई तिच्या उशाशी बसल्या, मिस्त्री माझ्या बाजूला, आणि सासरे पुढे चालत निघाले, वाटेतले दगड पायाने बाजूला सारत.

देव दिसायला लागला तशी ती म्हणाली, "अवो, गाडी थांबवा."

मला वाटलं कळा आल्या. मी थांबवली.

"मी देवावरनं नाय जायची. माझ्या अंगावरनं जातंय. दोन गेली ती गेली. तिसऱ्याला घेऊन अशी देवाच्या डोक्यावरनं गेले तर त्ये काय ऱ्हायाचं?"

ओढ्याची पायवाट सगळ्यांना ठाऊक होती, मलाही. पण बोटं मोजता मोजता हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बायकांची गोष्ट म्हणून त्यांनी नवऱ्याला नुसतं "अवघडलीय" एवढंच सांगितलं होतं. आता पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने सगळं ऐकलं.

मी समजावलं. मग ओरडलो. मग हात जोडले. ती उठून बसायला लागली. म्हणाली, ओढ्यातनं जाते, मला उतरवा. सासूबाईंनी तिला दाबून धरलं. मिस्त्री पुटपुटला, "घाल रे गाडी, बघू नको तिकडे." मी गिअर टाकलाही. पण ती ज्या आवाजात रडली त्यानंतर माझा पाय क्लचवरून उठेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हलू देऊ नका. आणि ती तडफडत होती. मला देवाचा राग आला, तिचा आला, त्या अख्ख्या डोंगराचा आला. सासऱ्यांकडे तर मला बघवेना. हा माणूस देवाचा टवकासुद्धा काढू देत नव्हता, तो आता काय म्हणणार हे मला ठाऊक होतं.

सासऱ्यांनी पागोटं काढलं.

त्यांचं उघडं डोकं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. पांढरे, विरळ केस, कपाळावर पागोट्याचा वळ. त्यांनी ते लांबच्या लांब सोडलं, देवासमोर खाली बसले आणि देवाला एकपदरी पांघरवून त्याची टोकं दोन्ही बाजूंना दगडाखाली दाबली. पार खालपर्यंत. शेंदराचा ठिपकाही दिसेना. मग जीपच्या मागच्या बाजूला येऊन लेकीच्या पायाला हात लावला.

"बाय, देव मी झाकलाय. त्याला काय दिसत नाय. इटाळ झाला तर माझ्या पागोट्याला झाला. तुला नाय, पोराला नाय, देवाला नाय. गप पड आता."

ती गप पडली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हाका जावईबापू. हळू."

मी हाकली. त्या दहा-बारा हात वाटेत मी श्वास घेतला नाही. खाडकन आवाज आला नाही. पलीकडे गेल्यावर वळून पाहिलं, तर तांबडं कापड होतं तिथेच होतं आणि सासरे त्याच्याशेजारी बोडक्याने उभे होते. जीपमध्ये जागा नव्हती, आणि असती तरी देवाला तसं झाकून ते आले नसते.

महाडपर्यंतचा रस्ता मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. स्टिअरिंग इतकं जड झालं होतं की वळणावर मिस्त्रीही ते ओढायला मदत करत होता. पोलादपूरच्या पुढे तिला कळा सुरू झाल्या. सासूबाई एकसारख्या "चला चला" म्हणत होत्या आणि मी हळू चालवू की जोरात, हेच मला कळत नव्हतं. दवाखान्याच्या दारात माणसांनी तिला उचलून आत नेलं आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. रस्त्याने सासरे येताना दिसले. वाडीपासून चालत आले होते, पायांत चिखल, डोकं उघडंच. आमच्याकडे मयताशिवाय त्या वयाचा माणूस बोडका हिंडत नाही. वाटेत प्रत्येक गावात लोकांनी त्यांना थांबवून विचारलं होतं, कोण गेलं? ते पायरीपासून चार हातांवर थांबले. पुढे येईनात.

"मामा, पागोटं?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"देवाला वाह्यलं. दुसरं हाय घरात," ते म्हणाले. "पन म्हटलं, वाटेत काय कळंल त्याचा भरवसा नाय. तिथं जाऊन काढायला लागन्यापरीस उघडाच जातो." मग मान खाली घालून म्हणाले, "सांगा आता."

"मुलगी झाली, मामा. दोघी आहेत. दोघी."

त्यांनी मान हलवली. परत हलवली. डोळे पुसायला त्यांचा हात पागोट्याच्या सोग्याकडे गेला आणि रिकाम्या खांद्यावर चाचपडत राहिला. मी गळ्यातला टॉवेल काढून पुढे केला, ग्रीसने काळा झालेला. त्यांनी डोळे पुसले नाहीत. टॉवेल झटकला, डोक्याला नीट गुंडाळला, टोक आत खोवलं आणि मग लेकीला बघायला आत गेले.