शेळीचं लेकरू

माझा मुलगा मला काकू म्हणतो. चाळिशीला टेकलाय, नांदेडला नोकरी करतो, दोन पोरींचा बाप आहे, तरी काकूच.

दोष त्याचा नाही. त्याच्या आधीची माझी तीन लेकरं जन्मून महिन्याच्या आत गेली. हा झाला तेव्हा आमच्या चाकूरच्या घरातल्या बायांनी पाचव्या दिवशी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला. शेजारणीनं उचलला आणि पसाभर ज्वारी घेऊन आम्हाला परत दिला. सटवाईला वाटावं, हे टाकलेलं पोर, हे कशाला न्यायचं! माझ्या दुधालाही दोष लावला. पोर शेळीच्या दुधावर वाढलं आणि मी छाती बांधून न्हाणीत रडत बसले. वर सासूबाईंची ताकीद: बारा वर्षं सरेस्तोवर त्यानं तुला 'माय' म्हणायचं न्हाई. नवऱ्याला मात्र तो खुशाल अप्पा म्हणायचा. देवीचं वैर काय ते बाईशीच, मेलं!

मी सगळं मानलं, कारण तो जगत होता.

सहा वर्षांचा असताना त्यानं शाळेतून चित्रांचं पुस्तक आणलं. लांडग्यांनी वाढवलेल्या पोराची गोष्ट. रोज दुपारी भाकरी खाता खाता मला वाचायला लावायचा. एक दिवस लांडगीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "काकू, हा हिला माय म्हणत असंल का?"

"म्हणत असंलच की. वाढवलंय तिनं."

"मग मी तुला म्हणू?"

चार दिवसांपूर्वीच त्याचा ताप उतरला होता. हो म्हणाले असते तर काय झालं असतं? काहीच नाही, हे आज कळतं. तेव्हा मी खेकसले, "मी कुठली तुझी माय? तू उकिरड्यावर घावलास. शेळीनं वाढवलंय तुला. जा, तिला म्हण!"

तो रडला नाही. भाकरी तशीच ठेवून उठला, गोठ्यात गेला. खिडकीतून बघते तर शेळीच्या गळ्यात हात टाकून तिच्या कानात काहीतरी बोलून राहिला होता. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, पीडा टळली." मीही मान हलवली. असली मी शहाणी!

त्याचं बारावं वर्ष सरलं. शिरूर अनंतपाळहून माझे भाऊ-भावजय आले, पूजेला स्वामी आले, गूळ वाटला. मी नवं लुगडं नेसून पाटावर बसले. बाया म्हणाल्या, "म्हण की रे आता." त्याचे ओठ हलले. "काकू," म्हणाला आणि पळाला. सगळ्या हसल्या, मीही हसले.

नंतर मी त्याला खरं काय ते सांगितलं. एकदा नाही, शंभरदा. "हाव, ठाऊक हाय मला," म्हणतो. राग नाही, काही नाही. माझी औषधं वेळेवर आणतो, लई जपतो. जीभच वळत नाही, त्याला तो तरी काय करणार.

गेल्या पावसाळ्यात नांदेडात त्याची गाडी घसरली, खांदा निखळला. मी त्याच्याकडेच होते; ऑटोत घालून दवाखान्यात नेला. शेजारच्या खाटेवर एका दाढीवाल्या बाप्याला टाके घालत होते. तो "अगं माय गं, माय!" करून ओरडत होता. दुखलं की आपल्याकडं दुसरं येतंच काय तोंडातून? आणि मी, माझ्या पोराला जन्म दिलेली, पडदा धरून वाट बघत उभी राहिले. दुखू दे, म्हटलं. होय, मनात हेच म्हटलं. एकदाच निघू दे तोंडातून.

डॉक्टरांनी माझ्या लेकाचा हात ओढला. त्यानं दात आवळले, डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्याकडं बघून दमादमानं म्हणाला,

"काकू, तुम्ही बाहेर बसा. तुम्हाला बघवणार न्हाई."