उभ्या गाडीचं भाडं

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले! ड्रायव्हर माणूस गाडी चुकीच्या रस्त्यानं नेते, नालीत घालते, कोणी डिझेलच्या टाकीत पाणीही टाकते. म्या त गाडी जागची हालवलीच नाही, अन् तरी असा अपघात केला का आर्णीच्या स्टँडवर लोकं मले अजून 'घेणार' म्हणून हाक मारते. हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

पंधरा वर्सं म्या पगारावर ट्रक चालवला. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा माल, अन् पगार मांगाचा त मालकाचं तोंड पाहून. एक डाव आपलाही धंदा व्हावा, बायकोसमोर, म्हणजे पुष्पासमोर, मालक म्हणून बसावं, एवढीच हौस होती. अशात यवतमाळचे सत्तारभाई भेटले. तीन ट्रकचे मालक, पण सोता सायकलही चालवता येत नाही. म्हणे, मारोती, एक गाडी लीजवर घे. डिझेल तुझं, पंक्चर तुझं, कमाई सारी तुझी. अन् गाडी चालो का उभी राहो, महिन्याचं भाडं पंधरा हजार पक्कं, दर पाच तारखेले.

तुम्ही इथंच हसून राह्यले! पण आम्हा ड्रायव्हर लोकायची भाषा त समजून घ्या. आमच्यात भाडं कोणी देत नसते, भाडं भेटते. 'नागपूरचं भाडं भेटलं', 'आज भाडंच नाही', पंधरा वर्सं कानानं हेच आयकलं. भाडं म्हणजे गाडीले येणारा पैसा. म्या मनात म्हटलं, कमाईही माही अन् वरून पंधरा हजार? काहून बरं? मंग उत्तरही मीच काढलं. वावरात पिकाले राखण्या ठेवते ना माणूस, तशी सत्तारभाईनं गाडीले राखण ठेवली असन, त्याचेच हे पंधरा हजार.

कोर्टाजवळ स्टँपपेपर टाइप झाला. मी सातवी पास, म्हणून वाचून पाह्यला. 'लिहून देणार' सत्तारभाई. 'लिहून घेणार' मारोती. घ्या! देणार ते, घेणार मी. सरकारी कागदावर लिहून आलं, आता शंका कायची? अशी झोकात सही ठोकली का कागद फाटता फाटता वाचला. अन् दुसऱ्याच दिवशी जुन्या मालकाची नोकरी सोडली.

त्या साली कापसाचे काय हाल झाले, तुम्हाले माहीतच आहे. भाव पडला, लोकायनं कापूस घरातच भरून ठेवला, जिनिंगच्या आवारात कुत्रे झोपून राह्यले. गाठीच नाही त ट्रक नेईन काय? स्टँडवरचे सारे ड्रायव्हर तोंड पाडून बसत. अन् मी? गाडी घरामागच्या निंबाखाली लावली, चाकाखाली गोटे ठेवले अन् दुपारी कॅबिनमध्ये ताणून देऊन राह्यलो. एका दलालानं तुरीचं भाडं आणलं, तेही नागपूरचं. म्या सरळ नाही म्हटलं. लोकाचे टायर कायले घासाचे? पैसे त येऊनच राह्यले. वरून दोघा ड्रायव्हरायले सल्ला देल्ला, का बाबाहो, चालवून चालवून काय मरता, लीजवर घ्या. पुष्पाले म्हटलं, पाच तारखेले पाह्यजो तू.

पाच तारखेले इस्त्रीचा शर्ट घातला, मोठी कापडी पिशवी घेतली अन् यष्टीनं यवतमाळले गेलतो. सत्तारभाईनं चहा मांगवला, नानकटाई मांगवली. म्हणे, टायमावर आला. मी म्हटलं, येणारच ना. मंग ते माह्या पिशवीकडे पाहून राह्यले अन् मी त्यायच्या गल्ल्याकडे. असा अर्धा घंटा गेला. शेवटी मलेच त्यायची दया आली, कारण चेहरा लय उतरला होता बिचाऱ्याचा.

"भाई, बाजार खराब आहे," मी म्हटलं. "या महिन्यात थोडं कमी झालं तरी चालते."

"कमी कायले? जुबान म्हणजे जुबान. पूरे पंधरा."

माह्या डोळ्यात पाणीच आलं.

"भाई, तुमच्यासारखा माणूस आजकाल भेटत नाही."

"ठीक आहे. मंग काढ."

"काय काढू?"

"भाडं."

"ते त तुम्ही काढता ना. कागदावर घेणार कोण आहे? मी."

सत्तारभाईनं कप बशीत ठेवला. कागद काढून दोनदा वाचला, दोनदा माह्या तोंडाकडे पाह्यलं. मंग हळूच म्हणे, "बेटा, तू गाडी लिहून घेतली. पैसे नाही."

माह्या कानात शिट्टी वाजली. महिन्याभरात फेऱ्या किती केल्या म्हणून त्यायनं विचारलं. म्या सांगितलं, एकही नाही, तुमचे टायर जपले. हे आयकून तो माणूस असा हसला, असा हसला, का खुर्चीसकट मांगच्या भिंतीले टेकला. हसणं संपल्यावर मात्र चावी मांगितली.

चावी खिशातून काढून टेबलावर ठेवली. एका महिन्याची मालकी, अन् तीही निंबाखालची. पण सत्तारभाई दिलाचा मोठा. त्यायनं त्याच गाडीवर मले पगारानं ठेवलं. अन् ते पंधरा हजार? ते दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे कापाचे ठरले.

घरी आलो त पुष्पा दारातच उभी. पिशवी चाचपून पाह्यली तिनं.

"काहून जी, रिकामीच?"

"थोडे थोडे करून फेडाचं ठरलं," म्या म्हटलं. आता सांगा, यात एक तरी अक्षर खोटं आहे का?

"जाऊ द्या," ती म्हणे. "एवढे पैसे एकदम कुठून देईन बिचारा? तुम्ही त्याच्या मांगं तगादा नका लावू बरं."

म्या तिची शपथ घेऊन सांगितलं, का मी काही तगादा लावणार नाही.