नाला पुन्हा लाल झाला त्या दिवशी

सुरेशरावांनी काचेचा ग्लास उन्हात धरला. "बघा मॅडम, झऱ्याचं पाणी! पिऊन दाखवू का?"

"दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला.

सुरेशराव म्हणजे शहागडच्या रस्त्यावरच्या एका सूत रंगवायच्या कारखान्याचे मालक. तिथलं सांडपाणी साफ करणारा प्लांट आमच्या कंपनीने बसवलाय आणि त्याची सर्व्हिस माझ्याकडे आहे. तत्त्व सोपं आहे. सूत रंगवताना मीठ वापरतात, त्यामुळे उरलेलं रंगीत पाणी खारट असतं. त्यात धातूच्या प्लेट्स उभ्या करून वीज सोडली की त्याच मिठातून क्लोरीन तयार होतो आणि रंग मोडतो. ब्लीचिंग पावडर बाहेरून आणावी लागत नाही. लालभडक पाणी आत जातं, नितळ होऊन बाहेर येतं. पहिल्यांदा बघणारा माणूस खूश होऊन जातो.

पण रंग मोडला म्हणजे संपला नाही. त्याचे तुकडे क्लोरीनला चिकटून पाण्यातच राहतात, आणि मीठ तर कुठंच जात नाही. म्हणून पुढे कोळशाचा फिल्टर असतो, आणि त्यातून निघालेलं पाणी कारखान्यातच आटवायचं असतं. त्या दिवशी बघते तर फिल्टरचा व्हॉल्व्ह बंद, आटवायची टाकी कोरडी ठणठणीत, आणि एक नवा पाइप कंपाउंडखालून थेट नाल्यात गेलेला.

"हे काय आहे?"

"पाणी साफ झालं ना? मग आटवायचं कशाला? बिलकुल टेन्शन घेऊ नका."

डोकं तापलं माझं. तशीच गेटबाहेर आले, तर एक म्हातारी आमच्या गाडीला टेकून उभी होती. कडूबाई तिचं नाव. नाल्यापलीकडच्या वस्तीवर राहायची, शेळ्यांवर पोट.

"मशीनवाल्या तुम्हीच का, ताई? माह्या दोन शेळ्या गाभडल्या. पिल्लं पडली, मंग दोन्ही बी मेल्या."

"नाल्याचं पाणी पितात का, मावशी?"

"आवडीनं पेऊन राह्यल्या. लाल व्हतं तव्हा आम्हीच तिकडं फिरकू देत नव्हतो. आता काचेवानी दिसतंय. मंग कोण अडवतं?"

मिठाच्या चवीला जनावर लागतंच. माझं मशीन उत्तम चाललं होतं, आणि नेमकं म्हणूनच हे झालं होतं. तिच्यासमोर मला मान वर करवेना.

"एकच राह्यली आता. चंद्री. गाभण हाय."

"तिला नाल्यावर नेऊच नका. घरी बांधा."

"बांधते," ती म्हणाली. "पर लाल व्हतं तेच बरं व्हतं, ताई."

मी आमच्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"प्लांट चालतोय ना?" साहेब म्हणाले.

"चालतोय."

"आउटलेटला रंग येतोय का?"

"नाही, सर. पण..."

"मग रिपोर्ट दे आणि निघ. कस्टमरच्या पाइपशी आपल्याला काय करायचंय?"

फोन ठेवला आणि डोक्यात कडूबाईचं वाक्य फिरायला लागलं. प्लेट्सवर क्षाराचा थर बसतो. अधूनमधून त्या काढून ॲसिडने धुवाव्या लागतात. तेवढा वेळ वीज बंद, म्हणजे रंग मोडणंही बंद. मी परत आत गेले.

"सुरेशराव, प्लेट्स धुवायला काढते. तोवर सूत रंगवणं बंद ठेवा."

"बंद? मॅडम, ऑर्डर आहे डोक्यावर."

"मग पाणी लाल जाईल."

"जाऊ द्या हो. थोड्या वेळानं काय होतंय?"

मी प्लेट्स काढल्या. इतक्या निगुतीने मी घरची तांब्या-पितळेची भांडीसुद्धा कधी घासली नाहीत. एकेक प्लेट धुतली, पुसली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. दुपारपर्यंत नाला वस्तीपर्यंत लाल झाला. संध्याकाळी माणसं गेटवर आली, मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागली. इतके महिने नितळ पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. लाल बघितल्यावर मात्र सरकारी गाडीही आली. पाइप सील झाला.

सुरेशरावांनी आमच्याकडची सर्व्हिस काढून घेतली. साहेबांनी एवढंच विचारलं, "प्लेट्स धुवायला इतका वेळ?" मी म्हणाले, "थर जाड होता, सर." तेव्हापासून मला नवीन प्लांटच्या मीटिंगला बोलावत नाहीत.

पुढे त्या रस्त्याने जाताना मी मुद्दाम वस्तीवर थांबले. पाइप बंद झाल्याचं कडूबाईला माझ्या तोंडून सांगायचं होतं. अंगणातल्या खुंट्याला नुसतं दावं होतं.

"चंद्री?"

"गाभडली. मंग दोन रोजात गेली." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही सांगितल्यापासून नाल्यावर एकदा बी न्हाई नेली, ताई. घरीच बांधली. हापशाचंच पाणी पाजलं."

हापसा नाल्याच्या काठावरच होता.

तिने मला तांब्याभर पाणी आणून दिलं. नितळ होतं. मी एक घोट घेतला. खारट लागलं.

"हे पिऊ नका, मावशी," मी म्हणाले.

"मंग कोणतं पेऊ?" तिने विचारलं.

हल्ली मी कुठल्याही प्लांटवर गेले की आधी कंपाउंडच्या बाहेरून चक्कर मारते. मशीन नंतर बघते. कडूबाईला मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या वस्तीवर दुसरा हापसा नाही.